बेशुद्ध माणसाचा शनिवार

आता मला सांगा, बेशुद्ध पडलेल्या माणसाला कुणी "पाय उचला" म्हणतं का? नाही, तुम्हीच सांगा! माणूस जमिनीवर आडवा, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं, कपाळावरून रक्ताचा हा एवढा ओघळ... म्हणजे होती लाल शाई, पण त्या बाईला काय माहीत शाई आहे म्हणून?... आणि ती शांतपणे बादली खाली ठेवते, मॉप पिळते आणि म्हणते, "सर, पाय उचला जरा, फरशी पुसायचीय." आणि मी काय केलं असेल? उचलले! बेशुद्ध असून उचलले! उभा जन्म कारखान्यात गेला ना, कुणी "उचला" म्हटलं की आधी उचलायचं आणि मग विचार करायचा, ही सवय हाडात मुरलेली.

थांबा थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. पहिल्यापासून सांगतो.

मी निवृत्त सेफ्टी ऑफिसर. म्हणजे कोण? म्हणजे "हेल्मेट घाला, हेल्मेट घाला" करत कारखानाभर फिरणारा माणूस. तुम्हाला सांगतो, कारखान्यात सगळ्यात नावडता माणूस कोण असतो? साहेब नाही, युनियनवाला नाही, सेफ्टी ऑफिसर! मी लांबून येताना दिसलो की माणसं घाईघाईने डोक्यावर हेल्मेट चढवायची, शिडी धरणारा शिडी धरायचा, गॉगल कपाळावरून डोळ्यांवर यायचे, आणि माझी पाठ फिरली की सगळं पुन्हा होतं तसं. कँटीनमध्ये मी ज्या टेबलाशी बसेन ते टेबल रिकामं होणार. बरं, या कामाची गंमत अशी की तुम्ही ते चांगलं केलंत ना, तर काहीच घडत नाही! डॉक्टरला माणूस हात जोडून म्हणतो, "तुमच्यामुळे वाचलो." मला कोण कशाला म्हणणार, "साहेब, हे बोट बघा, अजून जागेवर आहे, फार उपकार झाले"? ज्याचं बोट जागेवर आहे त्याला बोटाची आठवणच नसते.

तर निवृत्त झालो. मोठा समारंभ झाला, शाल नाही, श्रीफळ नाही, मला काय दिलं असेल? हेल्मेट! सोनेरी रंगाचं! ते घालून घरी आलो तर आमची ही दारातच म्हणाली, "आलात?" हा तिचा प्रश्न. लग्न झाल्यापासून एकच प्रश्न. मी दार ढकलून आत पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, "आलात?" मी चिडायचो हो! म्हणायचो, "नाही, अजून यायचोय, रस्त्यात आहे." अहो, माणूस समोर उभा आहे, चपला काढतोय, आणि विचारतात काय, तर आलात? पण रोज विचारणार. माझा तो सोनेरी मुकुट नीट बघून झाल्यावरसुद्धा पुढे काय म्हणाली, तर "हातपाय धुऊन घ्या."

मग ही गेली.

निवृत्तीनंतर दोघांनी काय काय करायचं ते ठरवत होतो, तेवढ्यात गेली. आता दार मीच उघडतो, कुलूप काढतो, दिवा लावतो, आणि काही दिवस तर मी स्वतःच मोठ्यांदा "आलो" असं म्हणायचो. पण रिकाम्या घराला उत्तर दिलं की घर जास्तच रिकामं वाटतं, तुम्हाला सांगतो. म्हणून ते बंद केलं.

अशात हे इंजिनिअरिंग कॉलेजवाले आले. पहिल्या वर्षाला एक विषय लावलाय म्हणाले, "कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य: एक ओळख". ओळख! म्हणजे नुसता रामराम-शामराम, पुढची सोयरीक नाही. मार्क एकूण बेरजेत धरत नाहीत, फक्त पास व्हायचं. तास कधी? शनिवारी, सगळ्यात शेवटचा. म्हणजे ज्या वेळी पोरांचं शरीर बाकावर असतं आणि जीव केव्हाच घरी जाऊन अंघोळ करून बसलेला असतो, त्या वेळी मी त्यांना सांगणार, की बाळांनो, ओझं कमरेतून वाकून उचलू नका, गुडघ्यात वाका. मी लगेच हो म्हटलं. मानधन विचारायचंसुद्धा विसरलो. मला शनिवार भरायला हवा होता हो! रविवारी मुलाचा फोन येतो, सोमवारपासून माणूस बँकेत जाऊ शकतो, दवाखान्यात जाऊन बसू शकतो, तिथे निदान पंखा तरी असतो. पण शनिवार? शनिवार म्हणजे नुसता लांबच लांब.

पोरांनी मला नाव ठेवलं, हेल्मेटकाका. ठेवू देत. मीही त्यांना ठेवली. वर्गाचा प्रतिनिधी म्हणजे एक उंचच्या उंच मुलगा, तो खांब. पहिल्या बाकावर एक मुलगी, मी काहीही सांगितलं की हात वर, "सर, हे परीक्षेला आहे का?" अहो, मी सांगतोय की लेथवर काम करताना ओढणी अडकून एक बाई कशी ओढली गेली, माझा स्वतःचा आवाज कापतोय, आणि ही, "सर, हे परीक्षेला आहे का?" तिचं नावच मी परीक्षाबाई ठेवलं. आणि मागच्या बाकावर एक जण होता, तो पहिल्या वाक्याला झोपायचा आणि शेवटच्या वाक्याला न उठवता उठायचा. शेवटचं वाक्य त्याला कसं कळायचं, देव जाणे! त्याचं नाव डुलकी.

तर या तिघांना आणि त्यांच्या भावंडांना मी सत्रभर सगळं शिकवलं. केस बांधा, अंगठ्या काढा, सैल बाही नको, वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, ज्या बाटलीवर नाव नाही ती हुंगू नका. पण एक गोष्ट मी प्रत्येक तासाला सांगायचो. म्हणायचो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, डोकी मोजा! आग लागली, भोंगा झाला, बाहेर मोकळ्या जागेत येऊन उभे राहिलात, आता पहिलं काम काय? फोटो काढायचा? घरी फोन करायचा? नाही! डोकी मोजा! जितकी आत होती तितकी बाहेर आली का? आणि हजेरीची यादी वाचू नका रे, यादीत नाव नसलेला माणूसही आत असतो. पाहुणा असतो, सामान पोचवायला आलेला ड्रायव्हर असतो, फरशी पुसणारी असते. आणि समजा एक डोकं कमी भरलं, तर? तर परत आत धावायचं नाही! कुणीही असो, जिवलग असो, सख्खा असो, आत जायचं नाही. बाहेर जो प्रमुख उभा असेल त्याला सांगायचं, तो शिकवलेली तुकडी पाठवेल, तुम्ही जागेवरून हलायचं नाही. कारण एकाला शोधायला दहा जण जातात आणि अकरा जण येत नाहीत. हे मी पाहिलेलं आहे. म्हणून घसा फोडून सांगायचो. परीक्षाबाई विचारायची, "सर, हे परीक्षेला..." आहे! आहे बाई, हेच आहे परीक्षेला!

आणि खरंच होतं. परीक्षा म्हणजे लेखी नव्हतीच, शेवटच्या शनिवारी आगीचं प्रात्यक्षिक घ्यायचं, ज्याला ड्रिल म्हणतात. ते झालं की विषय संपला. विषय संपला की माझे शनिवारही संपले, हे मला ठाऊक होतं, आणि पुढच्या वर्षी तर म्हणे हा विषय कॉम्प्युटरवरच दाखवणार होते, चित्रं हलणारी, म्हातारा नको. म्हणून म्हटलं, शेवटचं तरी असं करू की पोरांच्या जन्मभर लक्षात राहील.

माझी योजना ऐका. वर्कशॉपमध्ये भोंगा होणार, सगळे बाहेर जाणार, आणि एक जण आत जखमी होऊन पडलेला राहणार. बाहेर डोकी मोजली की एक कमी भरेल, मग प्रमुखाला सांगणार, मग तुकडी येणार, स्ट्रेचर येणार. सुंदर! पण जखमी कोण होणार? वर्गाला विचारलं. खांब म्हणाला, "सर, मला मोजायचंय." परीक्षाबाई म्हणाली, "सर, जखमीला मार्क आहेत का?" डुलकी तयार होता, पण तो खरंच झोपला असता. शेवटी म्हटलं, जाऊ द्या, मीच पडतो. पण हे मनातल्या मनात म्हटलं! त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मोजायला अर्थ काय उरला? प्रमुख म्हणून एच.ओ.डी. साहेबांना बाहेर उभं केलं, त्यांनाही सांगितलं नाही. मी काय योजना करणारा माणूस आहे, तुम्हीच बघा. चूक कुठे आहे, दिसते का? मलाही नव्हती दिसली.

भोंगा झाला. पोरं रांगेत, न ढकलता, न धावता बाहेर गेली. इतकी सुरेख गेली की माझे डोळे भरून आले. मी लेथच्या मागे गेलो, कपाळावर लाल शाई ओतली, थोडी कॉलरवर पण गेली, आणि पडलो. गार फरशी. पाठीखाली लोखंडाचा कीस, तो टोचतोय. पण बेशुद्ध माणूस हलत नाही, हा नियम. बाहेरून खांबाचा आवाज येतोय, मोजतोय, मोठ्यांदा मोजतोय, शाबास! आणि मग ओरडला, "सर्व हजर!"

सर्व हजर? मी मनात म्हटलं, अरे गाढवा, पुन्हा मोज! आणि बाहेर टाळ्या! एच.ओ.डी. साहेब म्हणतायत, "व्हेरी गुड, व्हेरी गुड, चला, हॅपी वीकेंड!" गाड्यांना किका बसतायत, हसणं लांब लांब जातंय... आणि मग काहीच नाही. भोंगासुद्धा कुणीतरी बंद करून गेलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तुम्हाला सांगतो. अहो, दर शनिवारी मोजायला कोण सांगायचं? मी! यादी कुणाची? पोरांची! यादीत नाव नसलेला माणूस कोण? पाहुणा! आणि मी कोण होतो त्या कॉलेजात, पाहुणाच ना? जो मोजा म्हणतो त्याला कुणी मोजत नाही. बाहेर सगळी डोकी बरोबर भरली होती, फक्त माझं डोकं हिशेबात धरायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आता उठायचं ना? शहाणा माणूस उठला असता. पण मी म्हटलं, येतील. आठवण होईल. गेटपाशी कुणीतरी म्हणेल, "अरे, हेल्मेटकाका कुठायत?" निदान "मार्क कधी लावणार" हे विचारायला तरी परीक्षाबाई येईल! म्हणून मी पडून राहिलो. खरं सांगू का? नियमासाठी नाही पडून राहिलो. मला बघायचं होतं. कुणी येतं का, ते बघायचं होतं. हे एवढं वय झालं, पण पडल्या पडल्या मी कान देऊन ऐकत होतो, पावलं वाजतात का.

वाजली! पावलं वाजली! मी डोळे घट्ट मिटले, तोंड अर्धवट उघडलं... आणि बादली ठेवल्याचा आवाज. "सर, पाय उचला जरा."

सफाईच्या मावशी. मी म्हटलं, "मावशी, मी बेशुद्ध आहे."

"बरं बरं," म्हणाल्या, "पण मला कुलूप लावायचंय. किती वेळ राहणार बेशुद्ध?"

"तुम्हाला जखमी माणूस सापडलाय, तुम्ही ओरडलं पाहिजे."

"कुणाला ओरडू? सगळे गेले की."

बरोबर होतं. मग काय केलं त्यांनी? एक स्टूल ओढलं, माझ्याशेजारी बसल्या, मॉप गुडघ्याला टेकवला. म्हणाल्या, "पडा मग थोडा वेळ. मी बसते. माझेही गुडघे धरलेत." आणि आम्ही दोघं तसेच राहिलो, मी पडलेला, त्या बसलेल्या. मग म्हणाल्या, "सर, उठा आता. घरी वाट बघत असतील ना?"

मी म्हटलं, "हो तर. बघत असतील."

का म्हटलं, कुणास ठाऊक. तोंडातून गेलं. उठलो, कपडे झाडले. मावशींनी फडकं पुढे केलं, "ते कपाळावरचं पुसा." मी म्हटलं, "असू द्या." कारण माझ्या मनात आता एक वेगळंच खूळ शिरलं होतं. म्हटलं, बघू तर खरं! कपाळावर एवढं रक्त घेऊन माणूस रस्त्याने चाललाय, कुणीतरी विचारेलच ना, काय हो, काय लागलं?

विचारलं का? बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे." शेजारच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि आपली पिशवी अंग चोरून दुसऱ्या बाजूला घेतली, डाग लागू नये म्हणून! उतरलो. वाण्याने विचारलं, "दूध एक की दोन?" बिल्डिंगच्या गेटवरचा वॉचमन म्हणाला, "साहेब, जिन्यातला दिवा गेलाय, जपून." अरे बाबा, माझं डोकं फुटलंय, दिव्याचं काय घेऊन बसलास! पण नाही. कुलूप काढलं, आत आलो, आरशात पाहिलं, आणि काय सांगू, दचकून ओरडलो! अख्ख्या गावात मला बघून घाबरलेला एकच माणूस, तो म्हणजे मी.

आणि पुसलं नाही हो तरीही! रात्रभर तसाच. उशीचा अभ्रा वाया गेला. कारण दुसऱ्या दिवशी मुलाचा व्हिडिओ कॉल. म्हटलं, तो तरी! पोटचा पोरगा आहे. फोन आला. तो तिकडे लांब, गाडी चालवत होता, फोन पुढे अडकवलेला, एक डोळा रस्त्यावर. "बाबा, कसे आहात? जेवण वेळेवर घेता ना? गोळ्या?" मी आपला कपाळ पुढे पुढे करतोय, अगदी स्क्रीनला टेकवलं. तर म्हणतो, "बाबा, तुमचा कॅमेरा पुसा ओ, मध्ये लाल डाग दिसतोय."

पुसला. काय करणार? कॅमेरा पुसला, मग कपाळही पुसलं. शाई अशी चिवट की साबणाने गेली नाही, खडबडीत फडक्याने घासावी लागली, आणि त्यात थोडं खरं रक्त निघालं.

पुढच्या शनिवारी निकाल लावायला वर्गावर गेलो. रागाने गेलो होतो, चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. म्हटलं, "कसं झालं ड्रिल?"

खांब उभा राहिला. "एकदम मस्त सर, फुल हजेरी."

"आत कुणी राहिलं नव्हतं?"

"नाही सर."

मी म्हटलं, "एक जण राहिला होता." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. हा होता, ती होती, आपापली मोजणी चालू झाली. डुलकीला हलवून बघितलं, तो होता. आणि मग परीक्षाबाईने हात वर केला, पण बोलेना. पहिल्यांदाच बोलेना. मग हळूच म्हणाली, "सर... तुम्ही?"

वर्ग असा गप्प झाला, तुम्हाला सांगतो, सत्रभर घसा फोडून जी शांतता मला मिळाली नव्हती ती त्या एका शब्दाने मिळाली. खांबाची मान खाली, एवढा उंच मुलगा, बाकाएवढा झाला. आणि ती पोरगी म्हणते कशी, रागावून म्हणते हो, "मग सर, तुम्ही हाक का नाही मारलीत? आम्ही गेटपाशीच होतो!"

मी म्हटलं, "बेशुद्ध माणूस हाक मारत नाही."

"पण तुम्ही बेशुद्ध नव्हतात!"

खरंच नव्हतो. बसमध्येही नव्हतो, वाण्याकडेही नव्हतो, मुलाशी बोलतानाही चांगला शुद्धीत होतो. सांगता आलं असतं, की बाबा रे, हा डाग कॅमेऱ्यावर नाही, मी एकटा पडलोय. एवढंच तर वाक्य आहे. पण ते वाक्य तोंडातून निघत नाही हो! गॅसचा वास आला तर मी तीन मजले ऐकू जाईल असा ओरडतो, पण हे जमत नाही. माझा राग कुठच्या कुठे गेला. म्हटलं, "ते राहू द्या. ड्रिल पुन्हा होईल, पुढच्या शनिवारी. पास झालात की सुटलात. आणि बाकी सगळं विसरा, पण डोकी मोजा, माझंसुद्धा."

आता खरी गोष्ट सांगतो. पुढच्या शनिवारी माझी हिंमतच झाली नाही पडायची. भोंगा झाला, पोरं रांगेने निघाली, मी लेथमागे गेलो, शाईची बाटली हातात, आणि पायच वाकेनात. एकदा कुणी मोजलं नाही तर माणूस म्हणतो, चुकून झालं असेल. दुसऱ्यांदाही नाही मोजलं, तर? मग काय म्हणायचं? ते ऐकायला मला तिथे फरशीवर पडायचं नव्हतं. मी गुपचूप मागच्या दाराने सटकलो, वळसा घालून बाहेरच्या मैदानात आलो आणि सायकल स्टँडच्या पत्र्याआड उभा राहिलो. म्हटलं, इथून कळेल. "सर्व हजर" ऐकू आलं, की असाच मागच्या मागे घरी जाईन.

खांब मोजतोय. सावकाश, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून. झालं मोजून. मग थांबला. इकडे बघतो, तिकडे बघतो. म्हणाला, "एक कमी आहे." आणि मग अशा आवाजात ओरडला, "सर कुठायत?"

माझा जीव भांड्यात पडला! शाबास! आता नियमाप्रमाणे काय? प्रमुखाला सांगायचं आणि जागेवर उभं राहायचं. एच.ओ.डी. साहेब समोर शिट्टी घेऊन उभे. सांगा त्यांना! पण कुणी सांगितलं नाही. खांब सरळ वर्कशॉपच्या दारात पळाला. त्याच्यामागे परीक्षाबाई. त्यांच्यामागे अख्खा वर्ग, ढकलत, धावत, सगळे नियम पायदळी तुडवत! डुलकी सगळ्यांच्या पुढे, तो पोरगा एवढा पळतो हे मला माहीतच नव्हतं! साहेब शिट्टी वाजवतायत, "अरे थांबा, थांबा, मूर्खांनो!" आणि ओरडत ओरडत तेही आत! आणि कडेच्या व्हरांड्यात फरशी पुसत असलेल्या मावशी, "परत पडले का सर?" म्हणत मॉपसकट त्यांच्यामागे!

मैदान रिकामं. मी एकटा. आणि आतून आवाज, "सर! सर! हेल्मेटकाका!" लेथकडून "सर!", वेल्डिंगच्या खोलीतून "सर!", वरच्या स्टोअरमधून "सर!" कपाटांची दारं उघडतायत, बाकं सरकवतायत, माझ्या नावाने त्या इमारतीत नुसता कल्लोळ. मी तिथून एक हाक मारली असती तर सगळे बाहेर आले असते. माझं कामच होतं ते. तोंड उघडलंही. आणि तुम्हाला सांगतो, मिटलं. म्हटलं, थोडं ऐकू दे. फार नाही, थोडंच. घरातलं ते "आलात?" बंद झाल्यापासून कुणी मला असं हुडकत नव्हतं, मोठमोठ्यांदा, घाबरून. मी पत्र्याला टेकून उभा राहिलो आणि ऐकत राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसत नव्हतो.

मग म्हटलं, पुरे. पुढे आलो आणि ओरडलो, "मी इथे आहे!" सगळे बाहेर आले, धुळीने माखलेले, हात काळे, एकाचा गुडघा फुटलेला. परीक्षाबाई रडत होती आणि माझ्यावरच डाफरत होती, "हे बरोबर नाही सर, हे अजिबात बरोबर नाही!" मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आज शुद्धीवर आहात वाटतं." खांबाने माझ्या खांद्याला हात लावला आणि शेवटचा आकडा मोजला.

मी मात्र आवाज चढवला. म्हटलं, "लाज वाटत नाही? सत्रभर काय शिकवलं? पेटलेल्या इमारतीत परत शिरलात! एक नाही, दोन नाही, सगळेच्या सगळे! खरी आग असती तर एकही जण बाहेर आला नसता. सगळे नापास!"

"पण सर, तुमच्यासाठीच..."

"कुणासाठीही नाही! नियम म्हणजे नियम! नापास!" साहेब बाजूला धापा टाकत होते, त्यांनाही म्हटलं, "साहेब, तुम्हीसुद्धा!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो, अख्खा वर्ग नापास म्हणजे... आता यांचं करायचं काय?"

काय करायचं? कॉम्प्युटरवरच्या चित्रांनी थोडीच समजणार आहे असल्यांना? पुन्हा शिकवायला लागणार, पहिल्या धड्यापासून, दर आठवड्याला... काय सांगू तुम्हाला, पुढचे सगळे शनिवार गेले हो माझे!